तोंड न आवळलेली पुंगळी

काडतूस हा शब्द आपल्याला इंग्रजांनी दिला नाही, पोर्तुगीजांनी दिला. पिस्तूल, तंबाखू आणि पगार ज्या गलबतांतून उतरले त्याच गलबतांतून हाही उतरला. पुंगळी मात्र अस्सल आपली. कागदाची गुंडाळी केली की पुंगळी, आणि बार उडून गेल्यावर काडतुसाचं जे पितळी टरफल मागे राहतं तीही पुंगळी. वर्तमानपत्रात "घटनास्थळी रिकाम्या पुंगळ्या सापडल्या" असं छापून येतं, ती हीच.

कॉलेजात एनसीसीला होतो तेव्हा आमचे उस्ताद तिला खोका म्हणायचे. वर्षातून एकदा फायरिंग. पाच गोळ्या मिळायच्या, पाच झाडायच्या आणि पाच खोके मोजून परत द्यायचे. एखादा खोका गवतात गेला तर अख्खी तुकडी उन्हात ओणवी होऊन गवत चाळायची. नेम चुकला तर उस्ताद हसून सोडून देत, खोका चुकला तर हसत नसत. रिकाम्या टरफलाचं एवढं काय, असं तेव्हा वाटायचं. भंगारात किती पैसे येणार त्याचे?

त्याचं उत्तर मला फार उशिरा, आणि तेही घरच्याच एका वस्तूमुळे मिळालं. पण आधी जरा पुंगळीविषयी, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

पुंगळी म्हणजे नुसता डबा नव्हे. चाप ओढला की आतली दारू पेटते, वायूचा दाब होतो, आणि पितळ क्षणभर फुगून बंदुकीच्या खोबणीला गच्च चिकटतं. त्यामुळे आग मागे, झाडणाऱ्याच्या तोंडावर येत नाही. गोळी गेली की पितळ किंचित आकसतं आणि पुंगळी सहज बाहेर ओढता येते. लोखंड इतक्या शहाणपणाने वागत नाही. म्हणून काडतुसासाठी 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त असं पितळ वापरतात. त्याची चकती दाबून आधी वाटी करायची, मग वाटी ओढत ओढत पेल्यासारखी उंच करायची. दर ओढीला पितळ कडक होत जातं, म्हणून मधे मधे ते तापवून मऊ करावं लागतं. पुण्याच्या तांबट आळीत कुणी हंडा घडवताना पाहिला असेल तर ही ठोक-ताव-ठोक चटकन लक्षात येईल. सगळ्यात शेवटी, गोळी बारीक असेल तर, पुंगळीची मान आवळायची.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. मान आवळता येते, सैल करता येते, थोडी कापताही येते. बूड मात्र बदलत नाही. बुडाचा घेर आणि त्याचा काठ कारखान्यात ठरला की ठरला. म्हणूनच जगभरचे जुन्या बंदुकांचे शौकीन, ज्यांच्या बंदुकीचं काडतूस बाजारातून कधीच नाहीसं झालंय, ते बुडाला जुळणारी दुसरी पुंगळी शोधतात आणि तिची मान हवी तशी करून घेतात. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे आणि तो असावा असंच माझं मत आहे. तेव्हा कृती सांगत नाही. पण एका पुंगळीतून दुसरी निघते, एवढं पुरे. कारण नेमकं हेच सरकारला पक्कं ठाऊक होतं.

1857 साली काडतूस कागदाचं होतं. दातांनी फाडायचं, दारू नळीत ओतायची, गोळी ठासायची. त्या कागदाला लावलेल्या चरबीवरून काय झालं ते शाळेत शिकलोच आहोत. त्यानंतर काय झालं हे मात्र शाळेत कुणी सांगितलं नाही. बंड मोडल्यावर सरकारने देशी शिपायांसाठी एनफील्ड बंदुकीच्याच घाटाची एक मस्केट काढली. तिच्या नळीतले पीळ घासून काढून नळी आतून गुळगुळीत केलेली. दिसायला तीच बंदूक, पण गोळी लांबवर नेमकी जाणार नाही. तोफखानाही, डोंगरी तोफांसारखे अपवाद सोडले तर, गोऱ्यांकडेच ठेवला.

हा शिरस्ता पुढे जवळजवळ अर्धं शतक चालला. 1866 पासून ब्रिटिशांनी जुन्या एनफील्डची मागची बाजू कापून तिला झडप बसवली. ही स्नायडर. ही मागून भरायची, म्हणून हिला पुंगळीवालं काडतूस लागलं. वूलिचच्या कर्नल बॉक्सरने ते पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलं होतं. (म्हणजे अगदी शब्दशः पुंगळी!) 1871 मध्ये मार्टिनी-हेन्री आली. तिचं काडतूस म्हणजे स्नायडरच्याच बुडावर उभं केलेलं लांब काडतूस, वरून मान आवळून 0.577 इंचाचं 0.450 वर आणलेलं. नावातच दोन्ही आकडे आहेत, 577/450. एका पुंगळीतून दुसरी काढायची विद्या शौकिनांनी शोधलेली नाही, सरकारी कारखान्यांचीच ती.

गोऱ्या पलटणीला मार्टिनी मिळाली तेव्हा देशी पलटणीच्या हातात स्नायडर होती. 27 जुलै 1880 ला अफगाणिस्तानात मैवंदला जी धूळधाण झाली, तिथे हे दोन्ही प्रकार एकाच रांगेत उभे होते. 66व्या गोऱ्या पलटणीकडे मार्टिनी, तर बॉम्बे ग्रेनेडियर्स आणि जेकब्स रायफल्स या मुंबई लष्कराच्या पलटणींकडे स्नायडर. पुढे 1897 साली तिराहच्या मोहिमेत गोऱ्यांकडे नवी ली-मेटफर्ड, म्हणजे थ्री नॉट थ्री आली, आणि देशी शिपायांकडे आता मार्टिनी. जेवणाच्या पंगतीसारखंच झालं, पहिली पंगत उठल्यावर दुसरी. माझं हे म्हणणं कुणाला कडवट वाटेल, पण पानं तीच होती.

हे सगळं मी इतकं लांबण लावून सांगतोय कारण ही पंगत आमच्याच भागातली होती. महाड, पोलादपूर, माणगाव आणि पलीकडे दापोली, मंडणगड हा सगळा पलटणीचा मुलूख. महाड तालुक्यात एका गावाचं नावच फौजी आंबवडे आहे. यशवंत घाडगे, ज्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ते शेजारच्या माणगाव तालुक्यातले. 10 जुलै 1944 ला इटलीत ते शत्रूच्या मशीनगनवर एकटे धावून गेले. मॅगझिन रिकामं झालं, दुसरं लावायला वेळ नव्हता, तर बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्याने शेवटच्या दोघांना लोळवलं. काडतूस संपल्यावर बंदुकीचं काय उरतं, तर सोटा.

आणि ज्यांना दुसऱ्या पंगतीतूनही उठवलं त्यांचीही गोष्ट इथलीच. मुंबई लष्करात महार शिपाई पिढ्यान्‌पिढ्या होते. 1892 च्या सुमारास सरकारने त्यांची भरती बंद केली. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर, स्वतः निवृत्त हवालदार, त्यांनी 1894 साली या अन्यायाविरुद्ध अर्ज लिहिला. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी अध्यक्षपदावरून बोलताना या लष्करी पेन्शनरांची आणि त्या भरतीबंदीची आठवण काढली. चवदार तळ्याचा इतिहास सांगताना आपण पाण्यापासून सुरुवात करतो, ते बरोबरच आहे. पण तळ्यावर चालत गेलेल्यांत पलटणीत कवायत केलेली घराणी होती, हेही ध्यानात ठेवायला हवं.

असो. पुंगळीकडे परत येतो.

सरकारची भीती एवढीच नव्हती की लोक बंदूक चोरतील. बंदूक चोरून चालत नाही, तिला रोज खाऊ घालावं लागतं. भीती होती ती काडतुसाची. 1878 च्या कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार ठेवणं बंद झालंच होतं. पण परवानावाले होतेच, संस्थानिक होते, शिकारी होते. 1907 च्या आसपास सरकारने 0.450 इंची गोळीच्या शिकारी रायफलींवर हिंदुस्थानात आणि सुदानात बंदी घातली. का? तर जुन्या मार्टिनी सगळीकडे पसरल्या होत्या आणि त्यांची गोळीही तेवढ्याच जाडीची. शिकारी काडतुसातली गोळी उपसून मार्टिनीच्या पुंगळीत बसवली तर? बिचाऱ्या विलायती बंदूकवाल्यांना वाघ-हत्तींसाठी नवी मापं काढावी लागली. 0.470, 0.465 अशी जी चमत्कारिक मापं शिकारकथांत भेटतात ती यातूनच जन्मली. जिम कॉर्बेटची प्रसिद्ध जोडनळी 450/400 होती. नावात 450 असलं तरी गोळी 400 ची, म्हणून ती चालली.

थ्री नॉट थ्री तर लष्करी माप, तिचं नावच खाजगी माणसाने काढायचं नाही. मग परवानावाल्यांसाठी 315 आली. ऑस्ट्रियाच्या मानलिखर काडतुसाचं माप घेऊन बर्मिंगहॅमच्या बीएसएने ली-एनफील्डच्याच घाटाची रायफल केली. सांगाडा तोच, फक्त लष्कराची गोळी तीत चालू नये आणि तिची गोळी लष्कराच्या बंदुकीत चालू नये. इंग्रज गेले तरी हे माप गेलं नाही. स्वतंत्र भारतात इशापूरच्या कारखान्यात 315 रायफल बनत राहिली आणि तिचं काडतूस आपल्या खडकीत.

आमच्या डोंगरातल्या शेतकऱ्याला या मापांशी काही देणंघेणं नव्हतं. पोलादपूरच्या वरच्या अंगाला नाचणी-वरीवर रानडुकरं येतात, वानरं येतात. तिथे शेतीसंरक्षणाचा परवाना म्हटलं की ठासणीची बंदूकच डोळ्यांसमोर येते. दारू, चिंधी, छर्रे, वर टोपी, की झाला बार. पुंगळीच नाही, त्यामुळे मोजायलाही काही नाही.

आता या सगळ्यातली माझ्या मते सगळ्यात हुशार, आणि सगळ्यात कमी ठाऊक असलेली गोष्ट.

पोलिसांना, तुरुंगाच्या आणि खजिन्याच्या पहारेकऱ्यांना बंदूक तर द्यायला हवी. पण थ्री नॉट थ्री त्यांच्या हातात दिली आणि उद्या ते उलटले, किंवा जमावाने ती हिसकावली तर? 1857 नंतरची ती घासून गुळगुळीत केलेली नळी सरकार विसरलं नव्हतं. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इशापूरला जुन्या ली-एनफील्ड रायफलींची नळी आतून मोठी आणि गुळगुळीत करायला सुरुवात झाली. माप 0.410 इंच. मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा ठोकलेला, म्हणजे एका वेळी एकच बार. लांबून पाहणाऱ्याला थ्री नॉट थ्री, जवळून छर्ऱ्याची बंदूक. हीच ती 410 मस्केट. पुढे स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षं अनेक राज्यांच्या पोलिसांकडे होती.

आणि तिचं काडतूस? नवीन काहीच काढलं नाही. थ्री नॉट थ्रीचीच पुंगळी घेतली, तेच बूड, तोच काठ, आणि शेवटची मान आवळायची पायरी गाळून टाकली. खडकीत 1869 पासून काडतुसांचा कारखाना आहे, तिथे ही पुंगळी निघायची. मान न आवळल्यामुळे तिचं तोंड सरळ आणि रुंद राहिलं, तीत गोल शिशाची गोळी किंवा छर्रे भरले. ते काडतूस लष्कराच्या रायफलीत शिरतच नाही. उलट लष्कराचं काडतूस मस्केटीतून उडवलं तर 7.7 मिलिमीटरची गोळी 10.4 मिलिमीटरच्या नळीतून खडखडत कुठेतरी जाणार. एक पायरी कमी केली आणि हजारो बंदुकांची भीती मिटली.

आता घरचं.

आमच्या पोलादपूरच्या घरी देव्हाऱ्यात उदबत्ती एका पितळी पुंगळीत खोचतात. तिला आम्ही लहानपणापासून "बगदादची गोळी" म्हणतो. आजोबा पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीबरोबर मेसोपोटेमियात होते. तिथून 1919 मध्ये परत येताना त्यांनी आणलेली, अशी घरातली कथा. गणपतीत सगळे जमले की कुणीतरी लहान पोराला ती दाखवून कथा सांगतं. मी स्वतः माझ्या मुलांना सांगितलेली आहे, तुर्कांच्या गोळीबारासकट.

मागच्या गणपतीत दुपारी सगळे लवंडले होते तेव्हा मी ती राख काढून, चिंचेने घासून स्वच्छ केली. बुडावर इंग्रजी 'के' आणि 'एफ' ही अक्षरं, म्हणजे किरकी, आपली खडकी. आणि 33 हा आकडा. तो सालाचा, 1933. मग व्हर्नियर लावला. काठ 13.7 मिलिमीटर, बूड 11.7 च्या आतबाहेर. थ्री नॉट थ्रीचंच बूड. पण मान नाही. तोंड जवळपास बुडाइतकंच रुंद. नसतं तर उदबत्त्यांचा जुडगा तीत मावलाच नसता, हे इतक्या वर्षांत आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही!

म्हणजे ही बगदादची नाही. बगदादहून परत आल्यावर आजोबा कुलाबा जिल्ह्याच्या पोलिसांत शिपाई झाले, 1944 मध्ये पेन्शनीत निघाले. ही पुंगळी त्या नोकरीतली आहे, 410 मस्केटीची. ज्या माणसाने मेसोपोटेमियात सरकारची खरी रायफल चालवली, त्याच्या हातात त्याच सरकारने परत आल्यावर नळी घासलेली बंदूक दिली. आणि ती तुर्कांवर नव्हे, आपल्याच माणसांसमोर धरायला.

आत्याला फोनवर सांगितलं तेव्हा ती आधी रागावली. ती आता नव्वदीला टेकलीय. "तुला काय करायच्यात बुडाच्या मोजण्या?" म्हणाली. मग बराच वेळ गप्प. मग तिने जे सांगितलं ते मी आधी कधी ऐकलेलं नव्हतं.

सप्टेंबर 1942 मध्ये महाडला मोर्चा निघाला, पोलिसांनी गोळीबार केला. कमलाकर दांडेकर, वसंत दाते आणि त्यांचे साथी हुतात्मा झाले. महाडला लहानपण गेलेल्या कुणालाही ही नावं सांगावी लागत नाहीत. आजोबा त्या दिवशी अलिबागला होते, खजिन्याच्या पहाऱ्यावर. आत्या पाच-सहा वर्षांची असेल. तिला एवढंच आठवतं की त्यानंतर बाबा सुट्टीवर यायचे तेव्हा खाकी कपडे पिशवीत आणि अंगात सदरा-धोतर. "डगला घालून घरी आलेले मी बेचाळीसनंतर पाह्यले नाहीत." महाडच्या बाजारात काही आणायचं असलं तर धाकट्या भावाला पाठवायचे. बगदादची गोष्ट त्यांनी स्वतः कधी सांगितली होती का, असं मी विचारलं. तर म्हणाली, "छे! ती आईने सांगितलेली. पोरं विचारायला लागली म्हणून."

हे ऐकल्यापासून माझ्या डोक्यात आजीच जास्त येते. तिला मान, बूड, माप काही ठाऊक नव्हतं. नवऱ्याची कोणती नोकरी पोरांना सांगायची आणि कोणती नाही, एवढं तिला कळत होतं. इतिहासात याला भेसळ म्हणतात. मला म्हणवत नाही.

एक गोष्ट मात्र राहून राहून खटकते. झाडलेली प्रत्येक पुंगळी मोजून परत द्यायची, हा नियम एनसीसीच्या पोरांना होता तर पोलिसांना असणारच. आजोबा शिस्तीचे म्हणून प्रसिद्ध. दुसऱ्याच्या शेतातली काकडीही उचलू दिली नाही त्यांनी कुणाला. तरी ही एक पुंगळी त्यांनी मोजणीतून चुकवून घरी आणली आणि देवापुढे ठेवली. आत्याला त्याबद्दल विचारलं, तर तिने विषय बदलून यंदाच्या आंब्यांचं विचारलं.

पुंगळी देव्हाऱ्यात होती तिथेच आहे. मुलांना मी खरं ते सांगितलंय. धाकटीचं म्हणणं, बगदादवाली गोष्ट जास्त चांगली होती.

आता नातेवाइकांना एक विनंती. उमरठच्या चुलत आजोबांच्या घरीही अशीच एक पुंगळी होती, मी लहानपणी पाहिलेली आठवते. ती अजून असेल तर कुणीतरी एवढंच बघा, तिची मान आवळलेली आहे की तोंड सरळ आहे, आणि बुडावर कोणता आकडा आहे. चिंचेने घासा, ब्रासोने नको, अक्षरं झिजतात. आणि आत्याला फोन करून विचारू नका. मला कळवा.